अलाइनरनं दाताभोवतीचं हाड खरंच झिजतं का?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. तो दात सरळ करणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ट्रेबद्दल, म्हणजे अलाइनरबद्दल, आहे. त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देतो: "माझं वय ४३. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढले होते आणि वरच्या पुढच्या दोन दातांत गेल्या चार-पाच वर्षांत फट पडत चालली होती, म्हणून आठ महिन्यांपूर्वी अलाइनर सुरू केले. एकूण ३४ ट्रे आहेत, दर १४ दिवसांनी बदलते, सध्या एकोणिसावा चालू आहे. पुढचे दोन दात हलून राहिले आहेत. दाढ भरायला दुसऱ्या दवाखान्यात गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की हाड खाली गेलंय, हे प्लॅस्टिक बंद करा. माझे डॉक्टर म्हणतात, हलणं नॉर्मल आहे. खरं कोणाचं मानू? अलाइनरनं हाड झिजतं का? ट्रे काढून ठेवू का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ट्रे काढून ठेवू नका. पण विसावा ट्रे इतक्यात चढवूही नका. जो एकोणिसावा चालू आहे तोच रोज २० ते २२ तास लावत राहा आणि येत्या आठ-दहा दिवसांत हिरड्यांची मोजणी (हिरडी आणि दात यांच्यातली फट किती खोल आहे हे बारीक सळईनं बघणं, त्याबद्दल पुढे सांगतो) करून घ्या. एकच ट्रे दोन-तीन आठवडे घातला की त्यातला जोर जवळजवळ संपतो. मग तो दातांना ढकलत नाही, नुसता धरून ठेवतो, आणि तुम्हाला आत्ता तेवढंच हवं आहे. एकदम काढून टाकलात, तर आठ महिन्यांत सरकलेले दात परत फिरायला लागतील. चार महिन्यांनी पुन्हा सुरू करायचं ठरलं की पुन्हा उलटे ढकलावे लागतील. हाडाला सगळ्यात जास्त जाचक काही असेल, तर ती ही ये-जा.

आता खरं कोणाचं? दोघांचंही असू शकतं. ते दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत, आणि त्या दोन्हींना आपण मराठीत 'हाड कमी होणं' हेच म्हणतो. सगळा घोळ तिथे आहे.

दात हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा, किंबहुना त्याहून थोडा कमीच. दात या पडद्यात टांगलेला असतो. ट्रेनं दाताला एका बाजूला रेटलं की त्या बाजूचा पडदा दबतो, तिथे हाड खाणाऱ्या पेशी जमा होतात आणि वाट मोकळी करतात. मागच्या बाजूला तंतू ताणले जातात, तिथे हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. कार्ल सँडस्टेट नावाच्या स्वीडिश दंतवैद्यानं १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. त्यानंतर दात सरळ करायच्या तारा बदलल्या, प्लॅस्टिक आलं, संगणक आला, पण हाडाची ही रीत बदललेली नाही. दात हलवण्याचं काम प्लॅस्टिक करत नाही, हाड करतं. प्लॅस्टिक फक्त निरोप देतं.

यात एक मेख आहे. खाणाऱ्या पेशी चपळ, बांधणाऱ्या संथ. खाण्याचं काम काही दिवसांत सुरू होऊन दोन-तीन आठवड्यांत एक हप्ता उरकतं. बांधलेलं हाड मात्र सुरुवातीला मऊ असतं, त्यात कॅल्शियम भरून ते टणक व्हायला काही महिने जातात. म्हणजे उपचार चालू असताना कोणत्याही क्षणी तुमच्या दाताभोवती काढलेलं हाड जास्त आणि पक्कं झालेलं हाड कमी असतं. म्हणून दात थोडा हलतो, आणि म्हणून एक्स-रेमध्ये मुळाभोवतीची काळी रेघ नेहमीपेक्षा जाड दिसते. हे तारांमध्येही होतं, अलाइनरमध्येही होतं, आणि उपचार थांबल्यावर भरून येतं. तुमचे डॉक्टर 'नॉर्मल' म्हणतात ते हेच. बोटानं पुढेमागे ढकलल्यावर दात जरासा हलला तर मला चिंता वाटत नाही. दात वर-खाली दबायला लागला, चावताना तोच आधी लागायला लागला, हिरडी दाबल्यावर पू आला किंवा ब्रश करताना रोज रक्त येत असेल, तर मात्र ते हलणं वेगळ्या जातीचं.

जोराबद्दल एक गैरसमज नागपुरात मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. पेशंट खूश होऊन सांगतात, "डॉक्टरसाहेब, हा ट्रे लय घट्ट बसून राहिला, म्हणजे काम करून राहिला ना!" नाही. श्वार्झ या ऑस्ट्रियन संशोधकानं १९३२ मध्ये मांडलं की मुळावरचा दाब केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या दाबापेक्षा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅमपेक्षा, जास्त नसावा. आकड्यावर नंतर पुष्कळ वाद झाले, पण मुद्दा टिकला. जास्त रेटलं की पडद्यातला रक्तपुरवठा दाबला जातो, तिथल्या पेशी मरतात, तेवढा भाग काचेसारखा निर्जीव होतो आणि दात दोन-तीन आठवडे जागचा हलतच नाही. मग हाड पाठीमागून पोखरलं जातं आणि दात एकदम सुटतो. त्यात दुखणं जास्त, मुळाला धोका जास्त, वेळही वाचत नाही. म्हणूनच अलाइनरचा प्रत्येक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटरच सरकवतो. पडद्याची जाडी जवळपास तेवढीच असते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

हा हिशेब बिघडतो तो बहुधा पेशंटच्या हातून. लग्नाच्या सीझनमध्ये ट्रे दिवसाचे दहा-बारा तासच लागतो, पण तारीख आली की पुढचा चढवला जातो. दात मागे राहिलेला असतो आणि ट्रे पुढे गेलेला असतो. असे तीन-चार ट्रे झाले की पाव मिलिमीटरच्या जागी अर्धा-पाऊण मिलिमीटरचा रेटा बसतो, तोही भलत्याच जागी. उन्हाळ्यात आणखी एक गंमत. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला ट्रे संध्याकाळपर्यंत वाकतो. डोळ्यांना तो तसाच दिसतो, दातांना मात्र कळतं. वाकलेला ट्रे घालू नये. आधीचा घालावा आणि दवाखान्यात फोन करावा.

आता तारांपेक्षा अलाइनर हाडाला बरे का, हा प्रश्न. जाहिरातीत तसं सांगतात आणि त्यात थोडं तथ्य आहे. ट्रे काढून ब्रश नीट करता येतो, धागा फिरवता येतो. तारा लावलेल्या दातांभोवती अन्न अडकून हिरड्या सुजतात, तसं अलाइनरवाल्यांत सहसा कमी दिसतं. मोठी माणसं, ज्यांच्या हिरड्या आधीच नाजूक आहेत, त्यांना याचा फायदा होतो. पण हा फायदा ट्रेचा नाही, ब्रशचा आहे. सकाळी तर्री-पोहे खाल्ले, वर चहा झाला, आणि चूळ न भरता ट्रे बसवला, तर तेलातिखटाचं ते सगळं बावीस तास दात आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये कोंडून राहतं. तोंडातली लाळ दात धुण्याचं काम करते, ती तिथे पोचतच नाही. (ट्रे हळदीनं पिवळा होतो ते वेगळंच. त्याची तक्रार मात्र सगळे करतात.) असा माणूस तारांच्या पेशंटपेक्षा वाईट अवस्थेत येतो, हे मी पाहिलंय.

अलाइनरची खरी मर्यादा वेगळी आहे. तो दाताला वरच्या भागाला, म्हणजे दिसणाऱ्या भागाला, धरतो. मूळ हाडात खोल असतं. दिसणारा भाग ढकलला की दात सरळ उभा सरकण्याऐवजी कलतो. मुळाला सोबत न्यायचं तर दातावर त्याच रंगाची ती छोटी बटणं लावावी लागतात, आणि तरीही मूळ मागे रेंगाळतं. संगणकावर जेवढी हालचाल ठरवली तेवढी तोंडात होत नाही. पुढच्या दातांवर २००९ मध्ये झालेल्या एका अमेरिकी मोजणीत ठरवल्यापैकी सरासरी ४१ टक्के हालचाल प्रत्यक्षात आली. २०२० मध्ये तीच मोजणी नव्या प्लॅस्टिकवर पुन्हा केली, तेव्हा ती ५० टक्क्यांवर पोचली. म्हणूनच बहुतेकांना पहिल्या संचानंतर दुसरा संच लागतो. यवतमाळ-चंद्रपूरकडून येणाऱ्या काही पेशंटच्या दातांवर पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग असतात. तिथे बटणं नीट चिकटत नाहीत, पटपट सुटतात. सुटलेलं बटण 'पुढच्या भेटीत बघू' म्हणून सोडून देऊ नये. बटणाशिवाय ट्रे दातावरून घसरतो आणि दात आणखी कलतो.

कलला तर कलला, त्यात काय एवढं? इथे ती गोष्ट येते, जी मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या आमच्या डेंटल कॉलेजात शिकत असताना आम्हाला हातात धरायला खऱ्या कवट्या मिळायच्या. पहिल्यांदा वरच्या पुढच्या दातांवरून बोट फिरवलं तेव्हा मी दचकलो होतो. मुळांवर बाहेरच्या बाजूनं हाड असतं ते अंड्याच्या कवचासारखं. बहुतेक लोकांत पुढच्या दातांपुढची ही भिंत एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते. काही कवट्यांमध्ये तर तिला खिडकी पडलेली होती आणि त्यातून मूळ सरळ दिसत होतं. काहींमध्ये वरच्या कडेपासून खाली फट गेलेली. त्या माणसांनी आयुष्यात ना तारा लावल्या होत्या, ना अलाइनर. निसर्गानंच एवढं हाड दिलं होतं, आणि वर हिरडी असल्यामुळे त्यांना कधी कळलंही नसेल.

दातांची गर्दी सोडवायला जागा लागते. ती चार प्रकारे मिळते: कमान रुंद करा, पुढचे दात आणखी पुढे कलवा, दातांच्या मधल्या कडा किंचित घासा, किंवा दात काढा. दात काढायला कोणालाच आवडत नाही, घासायला पेशंट घाबरतात, म्हणून योजना तयार करणारा संगणक, आणि त्यावर बसलेला माणूस, पहिल्या दोन वाटांनी जास्त जातो. संगणकाच्या पडद्यावर सुंदर दिसतं. अरुंद हसू रुंद होतं, दात एका ओळीत येतात. त्या चित्रात दातांभोवती छान गुलाबी हिरडी असते. ती तुमची हिरडी नाही, संगणकानं भरलेला रंग आहे. दात दोन मिलिमीटर बाहेर गेला तरी ती हिरडी त्याच्यासोबत आनंदानं बाहेर जाते. खरी हिरडी आणि तिच्या मागचं कवच तसं जात नाही. मला अलाइनरची भीती वाटत नाही, त्या ॲनिमेशनची वाटते.

मूळ त्या कवचातून बाहेर आलं तर लगेच काही दिसत नाही. दात सरळ, पेशंट खूश, फोटो छान. वर्ष-दोन वर्षांनी हिरडी खाली सरकते आणि दात लांब दिसायला लागतो, थंड पाणी झोंबतं. दोन वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला होता. लग्नाआधी कुठेतरी घाईघाईत उपचार झाले होते, खालचे चार दात जागेअभावी पुढे कलवले होते. आता त्यातल्या दोघांची मुळं तीन-तीन मिलिमीटर उघडी पडली आहेत. प्लॅस्टिकनं हाड खाल्लं नव्हतं. दात अशा जागी नेले होते जिथे हाड नव्हतंच. तारांनीही हेच झालं असतं. अशा ठिकाणी वेळीच कळलं तर दात थोडे आत घेता येतात, टाळूवरून हिरडीचा तुकडा घेऊन लावता येतो, पण गेलेलं कवच पूर्ववत होईल अशी हमी मी कोणालाही देत नाही.

कोणाला धोका जास्त? ज्यांची हिरडी पातळ आहे, इतकी की मोजणीची सळई आत घातल्यावर तिची सावली हिरडीतून दिसते. ज्यांच्या मुळांचे उंचवटे हिरडीवर बोटांना जाणवतात. अशांची मोठी हालचाल ठरवण्याआधी मी थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, करतो. इतरांना नुसत्या उत्सुकतेपोटी तो करू नये. आणि केला तर तो वाचणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असावी लागते: स्कॅनचा सगळ्यात छोटा ठिपका ०.२ ते ०.४ मिलिमीटरचा असतो, म्हणून त्याहून पातळच नव्हे, तर त्याहून जरा जाड असं नाजूक कवचही त्यात पुसलं जातं. त्यात उपचार चालू असतील तर नवं मऊ हाड दिसतच नाही. म्हणजे अर्ध्या उपचारात काढलेल्या स्कॅनवर 'बाहेरचं हाड नाही' असं लिहून आलं तर त्यातलं काही खरंच नसेल, काही फक्त दिसत नसेल. काही महिन्यांनी परत पाहिल्यावर ते दिसायला लागल्याची उदाहरणं आहेत.

आता तुमच्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे जे मला हलणाऱ्या दातांपेक्षा जास्त खटकलं. 'गेल्या चार-पाच वर्षांत फट पडत चालली होती.' तिशीत जे दात जवळजवळ होते ते चाळिशीत आपोआप पंख्यासारखे पसरायला लागले, तर मी आधी हिरडीकडे बघतो. हिरड्यांचा जुना आजार, ज्याला आपल्याकडे सगळे पायरिया म्हणतात, तो हाड हळूहळू खातो, दुखत नाही, आणि आधार कमी झाला की पुढचे दात जिभेच्या नि ओठांच्या रेट्यानं सरकतात. आजाराचं २०१८ साली जाहीर झालेलं जे वर्गीकरण जगभर वापरतात, त्यात दातांचं असं भरकटणं सगळ्यात पुढच्या, चौथ्या टप्प्याच्या खुणांमध्ये धरलेलं आहे. तुमचं तसंच आहे असं मी न बघता म्हणणार नाही. पण तसं असेल, तर हाड अलाइनरमुळे गेलेलं नाही. हाड गेलं म्हणून फट पडली, आणि फट पडली म्हणून तुम्ही अलाइनर लावले.

हे तपासणं अवघड नाही. उपचार सुरू करण्यापूर्वी तुमचा मोठा एक्स-रे, ओपीजी, नक्की काढला असेल. तो मागा. निरोगी माणसात हाडाची कड दाताच्या मुळाची सुरुवात होते तिथून दीड-दोन मिलिमीटर खाली असते. त्या जुन्या एक्स-रेत ती आधीच जास्त खाली असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलं ते जुनं नुकसान. तेव्हा ठीक होती आणि आता खाली दिसते, तर या आठ महिन्यांत काहीतरी चुकलं. एक सावधगिरी मात्र बाळगा. तुम्ही दाढ भरायला गेला होता, म्हणजे त्यांनी बहुधा दाढेचा छोटा एक्स-रे काढला. दाढेच्या चित्रावरून पुढच्या दातांबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि ओपीजीत पुढचे दात नेहमीच धूसर येतात. पुढच्या हलणाऱ्या दातांचा वेगळा छोटा एक्स-रे काढून जुन्याशी लावून बघायला हवा.

एक्स-रेपेक्षाही मला सळईची मोजणी जास्त पटते. हिरडी आणि दात यांच्या फटीत खुणा केलेली बारीक सळई घालून प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजतात. अर्धा तास लागतो, फार खर्च नाही, थोडं टोचतं. एक ते तीन मिलिमीटर चांगलं. चार आलं आणि रक्त नाही, तर लक्ष ठेवायचं. पाच किंवा जास्त आलं, विशेषतः रक्तासोबत, की तिथे पायरिया जिवंत आहे. आणि जिवंत पायरियात दात सरकवू नयेत, हा या क्षेत्रातला जवळजवळ एकमेव नियम आहे ज्यावर मी भांडायला तयार आहे. १९७७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्र्यांचे दात कलवून बघितले. हिरड्या स्वच्छ होत्या तिथे दात कलला तरी आधार टिकला. किटण तसंच ठेवलं होतं तिथे ते दातासोबत हिरडीच्या आत ढकललं गेलं आणि हाडात खड्डे पडले. जोर तोच, दात तेच, फरक फक्त घाणीचा.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, तरी एकदा चुकलो. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीतल्या एक बाई, ट्रे अगदी चोख बसायचे, भेटी वेळेवर. मी प्रत्येक भेटीत ट्रे बघायचो आणि 'छान' म्हणायचो. सळई दहा महिने घातली नाही. घातली तेव्हा दोन दातांपाशी सात मिलिमीटर निघालं. ट्रे बसतोय म्हणजे सगळं ठीक, ही माझी सवय त्यांना महागात पडली. तेव्हापासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाची मोजणी सुरुवातीला आणि मग दर तीन-चार महिन्यांनी, यात मी सूट देत नाही.

समजा तुमच्या मोजणीत पायरिया निघाला. म्हणून अलाइनर कायमचे संपले असं नाही. हिरड्यांच्या तज्ज्ञाकडून खोल सफाई करून घ्यायची, तोवर चालू ट्रेनं दात धरून ठेवायचे, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं, आणि रक्त थांबून खोली चारच्या आत आली की पुढे निघायचं. मग मात्र सावकाश. काळ्या जमिनीत तीन फूट रोवलेला खांब आणि दीड फूट रोवलेला खांब, दोघांना वरून सारखाच धक्का द्या, दुसरा जास्त कलेल. हाड कमी झालेल्या दाताचं तसंच होतं. म्हणून अशा पेशंटला मी ट्रे १४ ऐवजी २१ दिवसांनी बदलायला सांगतो, एका वेळी कमी दात हलवतो, आणि त्यांनी कंटाळून भांडण केलं तरी ऐकत नाही. वर्ध्याहून येणाऱ्या एका शिक्षकांची पुढची फट अशी दोन वर्षांत बंद केली. हाडाची पातळी सुरुवातीला होती तिथेच राहिली. हाड वाढलं नाही, पण घटलंही नाही. अशा तोंडात याला मी यश म्हणतो.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर तुम्ही पुन्हा घाबराल. दात सरळ झाल्यावर पुढच्या दातांमध्ये हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसू शकतो. तो नव्यानं हाड गेल्याची खूण नसते. वाकड्या दातांनी तो झाकून ठेवलेला असतो. टार्नो नावाच्या अमेरिकी दंतवैद्याच्या १९९२ च्या मोजणीत, दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथून हाडापर्यंत पाच मिलिमीटर अंतर असेल तर जवळजवळ सगळ्यांमध्ये (९८ टक्के) हिरडी ती जागा भरते. सहा झालं तर ५६ टक्क्यांत, सात झालं तर २७ टक्क्यांत. म्हणून अशा दातांच्या कडा पाव-पाव मिलिमीटर घासून टेकण्याची जागा हिरडीकडे आणतात. कोणी घासायचं म्हटलं तर लगेच नाही म्हणू नका.

हाडाचे बाकीचे शत्रू दातांच्या बाहेर बसलेले असतात. साखर: तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, सात-साडेसातच्या वर असेल तर आधी फिजिशियनला भेटा, हिरडी तोवर ऐकणार नाही. तंबाखू: नागपुरात हे बोलताना खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, टाळता येत नाही. विचारल्यावर सगळे 'कधीकधी' म्हणतात. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा आक्रसतो, त्यामुळे रक्त येत नाही आणि पायरिया लपून राहतो. सुपारीनं तोंड उघडणं कमी होतं, मग ट्रे आत जाणार कसा हाच प्रश्न पडतो. तुमचं वय नाही, पण घरात कोणी वडीलधारी बाई अलाइनरचा विचार करत असतील आणि हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक ॲसिड घेत असतील, तर ते दंतवैद्याला आधी सांगायलाच हवं. ते औषध हाड खाणाऱ्या पेशींनाच गप्प करतं, मग दात नीट सरकत नाहीत, आणि दात काढावा लागला तर जखम न भरण्याचा धोका असतो. मुळांची टोकं थोडी आखडतात का, असंही लोक विचारतात. थोडी आखडतात, बहुतेकांत मिलिमीटरच्या आतबाहेर, तारांइतकी किंवा त्याहून कमी. त्यासाठी कोणी झोप घालवू नये.

उपचार संपल्यावर दात नव्या जागी धरून ठेवणारं रिटेनर हा या विषयाचाच भाग आहे. मऊ हाड पक्कं व्हायला महिने जातात, हिरडीतले लवचीक तंतू तर वर्षभर दाताला जुन्या जागी ओढत राहतात. पायरियामुळे पडलेली फट असेल तर मी आतून बारीक तार कायमची चिकटवतो आणि रात्रीचा ट्रे वर. 'किती दिवस' असं विचारलं की म्हणतो, चष्मा जितके दिवस लावता तितके.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांची वेळ घ्या. भांडायला जाऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे सोबत न्या, सुरुवातीचा ओपीजी त्यांच्याकडून मागवा, आणि सरळ विचारा: माझी हिरड्यांची मोजणी सुरुवातीला झाली होती का, आकडे दाखवा. खालच्या गर्दीसाठी दात किती मिलिमीटर पुढे कलवायचं ठरलंय, आणि तिथे हाड आहे हे कशावरून ठरवलं. मोजणी झालीच नसेल तर आत्ता करून मागा. सगळे आकडे चारच्या आत आणि रक्त नाही, तर एकोणिसावा पूर्ण बसतोय याची खात्री करून विसावा चढवा. जाताना डबीत अठरावाही टाकून न्या. या आठ-दहा दिवसांत ट्रे कमी लागून दात जरा मागे गेले असतील आणि एकोणिसावा ताणून बसायला लागला असेल, तर डॉक्टर तुम्हाला एक पाऊल मागे यायला सांगतील, आणि तो ट्रे घरी कचऱ्यात गेलेला नसावा.